बस नंबर सातचा लांबचा रस्ता

१

गुरुवारी सकाळी अनुराधा देवस्थळी ऑफिसात शिरली, तर तिच्या खुर्चीत जोसेफ साहेब बसलेले. साहेब आपली केबिन सोडून दुसऱ्याच्या खुर्चीत दिसले की समजावं, आज कुणाची तरी धडगत नाही.

"मॅडम, कोई झूठ बोल रहा है," ते म्हणाले. "या तो आपका कंप्यूटर, या वो दगडू."

ही गोष्ट १९९६च्या नोव्हेंबरमधली. दुबईजवळच्या जबल अलीला तेव्हा बंदराच्या मागे नुसती वाळू होती, वाळूत गोदामांचे सांगाडे उभे राहत होते आणि त्यांच्यामधून कंपन्यांच्या बसगाड्या धावत होत्या. गोदामं बांधणाऱ्या या कंपनीकडे अशा अकरा बस होत्या. सकाळी मजुरांना कॅम्पवरून साइटवर न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. कुठल्या बसने कुठल्या रस्त्याने जायचं हे सहा वर्षं डिस्पॅचर प्रल्हादकाकांच्या डोक्यात होतं. गेल्या शनिवारपासून ते अनुराधाच्या कंप्यूटरमध्ये होतं. साहेबांनी दोन आठवड्यांची ट्रायल लावली होती. कंप्यूटर कागदावर जो रस्ता छापेल त्याच रस्त्याने बस जाणार, आणि रोज संध्याकाळी मीटर तपासला जाणार.

आज हसू येईल, पण त्या एका मशीनची काय बडदास्त होती. ऑफिसच्या पत्र्याच्या पोर्टा कॅबिनमधला सगळ्यात गार एसी त्याच्यासाठी, धूळ बसू नये म्हणून त्याला शिवलेलं कापड, आणि नोव्हेंबरच्या उन्हातही त्याच्याशेजारी स्वेटर घालून बसलेली अनुराधा. सव्वीस वर्षांची, पुण्याहून शिकून आलेली, नवरा लांब रुवैसच्या रिफायनरीत, सुट्टीलाच घरी येणारा. आठवडाभर बोलायला घरी कुणी नाही, म्हणून ती कंप्यूटरशी बोलायची. त्याला तिने जन्म दिल्यासारखंच होतं ते.

साहेबांनी घडलं ते सांगितलं. काल संध्याकाळी बंदराकडून येताना त्यांना बस नंबर सात तिसऱ्या राउंडअबाउटपाशी, म्हणजे गोल चौकापाशी, उभी दिसली. साइटवरून कॅम्पला जायच्या रस्त्यात हा राउंडअबाउट येतच नाही. तिथे आहे काय, तर एक पेट्रोल पंप, एक किराणा दुकान आणि काचेचा एक फोन बूथ. त्यांनी ड्रायव्हर दगडूला हटकलं. दगडूने कंप्यूटरचा कागद पुढे केला. कागदावर तोच रस्ता छापलेला होता. मग साहेबांनी स्वतःच्या गाडीने सरळ रस्ता मोजला. सहा किलोमीटर आणि दोनशे मीटर. तिसऱ्या राउंडअबाउटवरून जाणारा भरला नऊ किलोमीटर तीनशे.

"तुमच्या मशीनला तीन किलोमीटर जास्तीचा रस्ता छोटा वाटतो? रस्ते किसने नापे थे? दगडूने. उसका पर्चा दिखाओ."

दगडूने सगळे रस्ते बसच्या मीटरवर मोजून चिठ्ठीवर आकडे लिहून दिले होते. चिठ्ठ्या हिरव्या फाइलमध्ये क्रमाने लावलेल्या होत्या. अनुराधाने फाइल उघडली. साइट ते कॅम्प या रस्त्याची चिठ्ठी तेवढी तिथे नव्हती.

"खलास," जोसेफ साहेब उठले. "गलत नंबर दिया, पर्चा गायब किया. आजपासून तो बसवर नाही. शनिवारचं तिकीट काढायला सांगतो. तुमच्याकडे दुसरं काही कारण असेल तर संध्याकाळच्या बसच्या आधी मला सांगा."

२

पहिला संशय स्वतःवर घ्यायचा, हा अनुराधाचा नियम. तिने तिचा प्रोग्रॅम उघडला.

प्रोग्रॅमची युक्ती साधी होती. एवढी साधी की महिन्यापूर्वी तिने ती प्रल्हादकाकांना जेवणाच्या सुट्टीत, वापरलेल्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने शिकवली होती. "काका, आपण साइटवर उभे आहोत. साइटला शून्य लिहा. बाकी सगळ्या ठिकाणांना अनंत लिहा, कारण तिथे कसं पोचायचं ते अजून माहीत नाही."

"अनंत म्हणजे आमच्या आळीतला की काय?" काका म्हणाले होते.

"आता साइटवरून निघणारे रस्ते बघा. जिथे पोचता येतं तिथला अनंत खोडून अंतर लिहा. मग त्यातलं सगळ्यात जवळचं ठिकाण घ्या, ते पक्कं करा, आणि तिथून पुढचे रस्ते बघा. कुठे आधीपेक्षा कमी आकडा मिळाला तर जुना खोडून नवा लिहा. कमी नाही मिळाला तर हात लावायचा नाही. सगळी ठिकाणं पक्की झाली की संपलं."

तीन दुपारी काका पेन्सिल घेऊन बसले. चौथ्या दुपारी त्यांनी कागदावर अकरा ठिकाणांचा हिशेब एकट्याने सोडवला आणि डबा न उघडताच घरी नेला. कंप्यूटर तेच करत होता, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत.

अनुराधाने आज तोच हिशेब पेन्सिलीने केला. उत्तर कंप्यूटरसारखंच आलं. म्हणजे प्रोग्रॅम शहाणा होता. मग तिने अंतरांचा तक्ता उघडला. त्यात किलोमीटरला दहाने गुणून आकडे भरलेले असत. सहा पूर्णांक दोन म्हणजे बासष्ट. साइटवरून दुसरा राउंडअबाउट एकतीस, तिथून तिसरा अठ्ठावीस, तिथून कॅम्प चौतीस. बेरीज त्र्याण्णव. आणि साइट ते कॅम्प, सरळ?

चौऱ्याण्णव.

सरळ रस्ता वळशापेक्षा लांब. नकाशावर हा रस्ता फूटपट्टीने ओढल्यासारखा होता. शाळेत सातवीच्या बाईंनी शिकवलं होतं की त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच असते, आणि हा आकडा सातवीच्या बाईंना खोटं पाडत होता. बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

मग तिने उलट्या दिशेचा आकडा पाहिला. कॅम्पवरून साइटला, सकाळच्या खेपेचा. तिथे बासष्ट होतं, अगदी बरोबर.

अनुराधा खुर्चीत मागे टेकली. तिने तक्ता असा बांधला होता की टाइप करणाऱ्याने रस्ता एकदाच भरायचा, जाणं आणि येणं दोन्ही घरांत तो आकडा प्रोग्रॅम आपोआप टाकायचा. दगडूने चुकीचं मोजलं असतं किंवा टाइप करताना बोट घसरलं असतं, तर दोन्ही घरं सारखीच चुकली असती. इथे एकच घर बदललं होतं. म्हणजे तयार तक्त्यात कुणीतरी नंतर हात घातला होता. फाइलची वेळ पाहिली. मंगळवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं.

दगडूला तर कंप्यूटर सुरू कुठून होतो तेही माहीत नव्हतं.

३

तक्ता टाइप केला होता संजनाने. रिसेप्शनचा काउंटर, टेलिफोन, टपालाची नोंदवही आणि टायपिंग, सगळं ती सांभाळायची. वय एकोणीस. आईबाप चिपळूणचे, पण पोर वाढली तिथल्याच अल ऐन शहरात, बापाच्या व्हिसावर. आंब्याचं लोणचं खाणारी आणि इंग्रजीत ठसक्यात बोलणारी ही पिढी. प्रल्हादकाका तिला 'आपली मडम' म्हणायचे, तेही तिच्यासमोर.

"संजना, साइट ते कॅम्पची चिठ्ठी तू टाइप केलीस ना? आकडा आठवतो?"

"सिक्स्टी-टू," ती म्हणाली. "आय टाइप्ड इट वन्स. युवर प्रोग्रॅम डिड द रेस्ट."

"चिठ्ठी मराठी आकड्यांत होती. तुझी गफलत झाली नसेल कशावरून? मराठी एक आणि इंग्रजी नऊ सारखेच दिसतात."

"देअर वॉज नो वन इन इट, मॅम. सहा अँड दोन." तिने काउंटरवरचं पेन उचलून परत ठेवलं. "इज इट ट्रू दॅट ही इज गोइंग होम?"

"शनिवारी. चिठ्ठी सापडली नाही तर."

तेवढ्यात फोन वाजला आणि तिने तो पटकन उचलला. अनुराधाचं लक्ष सहज उघड्या नोंदवहीकडे गेलं. बाहेरून आलेला प्रत्येक कागद तिथे लिहिलेला असे आणि शेवटच्या रकान्यात तो कुणाला दिला त्याचं नाव. सोमवारी दुपारी तीनला एक तार आली होती. 'टेलिग्राम, फ्रॉम इंडिया, फॉर बस ७.' शेवटचा रकाना कोरा होता.

बसला तार कोण करतं?

४

दगडू घाणेकर यार्डात पाण्याच्या टाकीच्या सावलीला उकिडवा बसला होता. सहा वर्षांत तो कामाच्या दिवशी बसच्या बाहेर असा पहिल्यांदाच बसला असेल. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतली सोळा माणसं या कंपनीत होती, सगळी सात नंबरच्या बसमध्ये, आणि त्यांच्यातलाच दगडू त्यांना आणणारा-नेणारा.

"दगडूभाऊ, खरं काय ते सांगा."

"खरं तेच सांगतो, मॅडम. माझ्या हातनं चूक झाली. मोजताना गडबडलो. तुमी सायबाला तसंच सांगा."

"मोजून किती लिहिलं होतंत?"

"बासष्ट," दगडू म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने मान खाली घातली.

"म्हणजे तुम्ही बरोबर लिहिलं होतंत. मग गुन्हा कुणाचा अंगावर घेताय?"

"माझी सोळा वरसं झाली गल्फात. आणखी किती दिवस राहणार?" तो वाळूत बोटाने रेघ ओढत होता. "पन प्रल्हादकाका राहायला पायजेत, मॅडम. ते गेले तर त्या पोरांचं बघायला कुनी नाय."

अनुराधाला वाटलं होतंच. काकांची सहा वर्षांची गादी तिच्या मशीनने हिसकावली होती. मशीन वेडगळ ठरलं तर गादी परत काकांची. या परक्या देशात तिला वडीलधारं म्हणावं असं एकच माणूस होतं.

५

प्रल्हादकाका दुपारचा चहा बशीत ओतून पीत होते. अनुराधाने टेबलावर तक्त्याचा कागद ठेवला, चौऱ्याण्णवभोवती गोल करून. दोन हातांवर काउंटरमागे संजनाचं टायपिंग चाललं होतं.

"काका, दगडूभाऊ तुमच्यासाठी घरी जायला निघालेत."

काकांनी बशी खाली ठेवली. चष्मा पुसला. "मीच केलं गं," ते म्हणाले. "चल, साहेबांकडे चल. दगडूला सोडवू."

"का केलंत?"

तेव्हा काकांनी सांगितलं. वाडीत फोन एकच, वाण्याच्या दुकानात. गल्फवरून बोलायचं तर फोनचं कार्ड कसं भसाभस संपतं ते सगळ्यांना ठाऊक. म्हणून सहा वर्षांपूर्वी काकांनीच एक रीत घालून दिली. संध्याकाळी बस वाकडी करून तिसऱ्या राउंडअबाउटच्या बूथवर न्यायची. सहा एक्केचाळीसला दगडूने वाडीचा नंबर फिरवायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. कुणी उचलायचं नाही, म्हणून कार्ड जात नाही. सहा बेचाळीसला रामचंद्र. सहा त्रेचाळीसला समाधान. एकेकाला एकेक मिनिट. तिकडे आठ वाजून अकरा मिनिटं झालेली असायची. वाणी घड्याळ बघून ओरडायचा, दगडूची आली, रामचंद्राची आली. बायका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. आपल्या मिनिटाला दोन रिंगा वाजल्या की माणूस धडधाकट आहे एवढं समजायचं, आणि उठून घरी जाऊन चूल पेटवायची.

"कॅम्पात फोन आहे की," अनुराधा म्हणाली.

"एक फोन आणि चारशे माणसं. मिनिट कुणाचं धरून ठेवणार?" काका म्हणाले. "शनिवारी तुझ्या मशीनने बस सरळ नेली. शनिवारी रिंग नाही, रविवारी नाही. सोळा घरांत काय झालं असेल ते तूच समज. अपघात झाला, बस उलटली, काय काय."

"मला सांगितलं का नाहीत? तुमच्याकडून एकेक रस्ता लिहून घेतला मी. तीन दुपारी बसलो आपण."

"तू रस्ते विचारलेस. हा काही रस्ता नव्हे, हे आमचं आपापसातलं." काका चष्म्याची दांडी उघडमीट करत राहिले. "आणि साहेबांना कळलं तर बंद करतील ही भीती. सहा वर्षं कुणाला कळलं नाही म्हणून चाललं होतं."

अनुराधाला रडू आलं, आणि ते लपवायलाही तिला जमलं नाही. तिच्या शहाण्या प्रोग्रॅमने पहिल्याच दिवशी सोळा बायकांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. सगळ्यात जवळचा रस्ता शोधून दिल्याबद्दल ती तीन दिवस स्वतःची पाठ थोपटत होती.

पण डोळे पुसताना तिला एक प्रश्न पडला. "काका, तक्त्यात तुम्ही किती आकडा घातलात?"

"शंभर घातला," काका लगेच म्हणाले.

गोल केलेला चौऱ्याण्णव दोघांच्या मध्ये टेबलावरच होता, पण काकांचा चष्मा अजून हातात होता.

"आणि मंगळवारी दुपारी एक वीसला तुम्ही कुठे होतात?"

काका विचार करायला लागले आणि फसले. मंगळवारी साडेबारा ते तीन ते जोसेफ साहेबांच्या गाडीत होते, कॅम्पचं स्वयंपाकघर तपासायला गेले होते. खुद्द साहेबच त्याचे साक्षीदार.

दोन कबुल्या मिळाल्या आणि दोन्ही खोट्या निघाल्या. दगडूला वाटत होतं काकांनी केलं. काकांना फक्त दगडूला वाचवायचं होतं. आणि ज्याने खरंच केलं तो गप्प होता. घड्याळात पावणेपाच झाले होते. सव्वासहाला बस साइटवरून निघणार होती, दगडूशिवाय.

६

अनुराधा एसीखाली उभी राहिली आणि त्या आकड्याकडे बघत बसली. चोराने माग ठेवला असेल तर तो आकड्यातच.

कुणाला प्रोग्रॅमची फजिती करायची असती तर त्याने दोनशे लिहिलं असतं, पाचशे लिहिलं असतं, सकाळची खेपही बिघडवली असती. या माणसाने सकाळ सोडून दिली. म्हणजे त्याला फक्त संध्याकाळ हवी होती, म्हणजे त्याला रिंगांचं माहीत होतं. आणि वळशाचा रस्ता त्र्याण्णव भरतो तर त्याने चौऱ्याण्णव लिहिलं. गरजेपेक्षा एक मीटरही जास्त खोटं बोलला नाही. एवढं मोजूनमापून खोटं बोलायला प्रोग्रॅम आतून कळलेला असायला हवा. कमी मिळालं तरच खोडायचं, नाहीतर हात लावायचा नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच हे करणार.

हे तिने फक्त काकांना शिकवलं होतं. याच टेबलाशी, तीन दुपारी, मराठीतून. आणखी कुणी ऐकत नव्हतं.

आणखी कुणी म्हणजे? दोन हातांवर संजना होती, पण तिला कुठे मराठी येतं.

अनुराधा या वाक्याशी अडखळली. सकाळी तिने संजनाला मराठी आकड्यांबद्दल विचारलं होतं. मराठीतच. पोरीने एकेका प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं होतं. दोन वर्षं हे असंच चाललं होतं, आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं, आणि आपण म्हणायचं, बिचारीला आपली भाषा येत नाही. घरोघरी हीच चूक. जी मुलं इंग्रजीत बोलतात ती इंग्रजीतच ऐकतात असं धरून आईबाप त्यांच्यादेखत भांडतात, निंदानालस्ती करतात, पैशाअडक्याचं बोलतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

ती काकांच्या टेबलाशी गेली. काउंटरकडे मुद्दाम पाठ केली आणि पुण्याच्या भरधाव मराठीत म्हणाली, "काका, ज्याने कुणी हे केलं तो तसा कच्चाच म्हणायचा. चौऱ्याण्णव कशाला? त्र्याण्णव घातलं असतं तरी बस वळशानेच गेली असती."

काका काही बोलायच्या आत मागचं टायपिंग थांबलं.

"नो," संजनाचा आवाज आला. "नाइन्टी-थ्री इज अ टाय. द डायरेक्ट रोड गेट्स रिटन फर्स्ट. इट ओन्ली चेंजेस इफ यू गेट समथिंग लेस."

एसी तेवढा घरघरत होता. प्रल्हादकाका आपल्या मडमेकडे अशा नजरेने बघत होते की जणू ती आत्ताच विमानातून उतरली.

संजनाने खणातून एक पाकीट काढलं. त्यात दगडूची चिठ्ठी होती, ६२ लिहिलेली, आणि एक तार होती. वाडीच्या पोस्टमास्तराने इंग्रजीत केलेली, पण शब्द कुणाचे ते लपत नव्हतं. दोन दिवस रिंग नाही. सात नंबरच्या बसची माणसं आहेत की नाहीत. कळवा. मुक्ताबाई दगडू घाणेकर.

"आय हर्ड देम ऑन मंडे," ती म्हणाली. "काका अँड दगडू अंकल, राइट हिअर. दे वेअर सो स्केअर्ड, आय कुडन्ट शो देम द टेलिग्राम. अँड नोबडी वॉज गोइंग टु आस्क एनीवन." तिने चिठ्ठी पुढे सरकवली. "आय टुक द स्लिप सो नोबडी वुड चेक. आय डिडन्ट नो दे विल ब्लेम हिम. मॅम, दे विल कॅन्सल माय फादर्स व्हिसा?"

७

जोसेफ साहेबांनी तार वाचली. मग चिठ्ठी बघितली. मग परत तार. अनुराधाने सगळं सांगितलं, फक्त नाव सांगितलं नाही. तक्ता माझ्या मशीनमध्ये होता, जबाबदारी माझी, असं ती म्हणाली.

"सर, आय डिड इट. प्लीज, नॉट माय फादर्स व्हिसा," मागून संजना म्हणाली.

साहेबांनी तिला पुढे बोलावलं. "नाइन्टी-फोर क्यों? टू हंड्रेड क्यों नहीं?"

"आय डिडन्ट वॉन्ट टु लाय मोअर दॅन नेसेसरी, सर."

साहेब उठून खिडकीशी गेले. बाहेर यार्डात सात नंबरची बस दुसऱ्या ड्रायव्हरने सुरू करून ठेवली होती. साहेब वळले तेव्हा त्यांचा राग संजनावर नव्हता, प्रल्हादकाकांवर होता.

"सहा साल. प्रल्हाद, सहा साल तुम मेरी गाडी में बैठता है. एक बार भी पूछा मेरे को? जोसेफ, बस पाच मिनिटं थांबवू का? मैं क्या बोलता? मी काय दगडाचा आहे?"

आमच्या माणसांची ही जुनीच खोड. साहेबाकडे पगारवाढ मागतील, रजा मागतील, पण बायकोला खुशाली कळवायला पाच मिनिटं द्या असं तोंड वर करून म्हणणार नाहीत. त्यापेक्षा बस चोरून वाकडी नेतील.

"चोरी चोरी है," साहेब संजनाला म्हणाले. "एक महिना तू मशीनला हात लावणार नाहीस. व्हिसाचं कुणी काही करणार नाही, जा." मग अनुराधाकडे वळून, "आणि तुमचं मशीन? उद्या परत सरळ रस्ता सांगणार."

"नाही सांगणार, सर. मशीनला मी अर्धाच प्रश्न विचारला होता. साइटवरून कॅम्पला जायचंय एवढंच सांगितलं. बूथवर थांबायचंय हे सांगितलंच नाही."

ती मशीनशी बसली. तक्त्यात बासष्ट परत घातला. मग प्रोग्रॅममध्ये एक लहानसा बदल केला. हिशेब तोच, पण दोनदा करायचा. आधी साइटवरून बूथपर्यंत सगळ्यात जवळचा रस्ता, मग बूथवरून कॅम्पपर्यंत, आणि दोन्ही जोडायचे. वीस मिनिटं लागली. प्रिंटरने करकरत कागद बाहेर टाकला. नऊ किलोमीटर तीनशे, वळशाचाच रस्ता, पण आता त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. जोसेफ साहेबांनी त्यावर सही केली आणि थांब्यापुढे स्वतःच्या हाताने वीस मिनिटं असं लिहिलं.

"दगडूला बोलाव," ते म्हणाले. "यल्ला. उशीर होतोय."

८

अनुराधा नवीन रस्ता तपासायच्या निमित्ताने त्या दिवशी सात नंबरच्या बसमध्ये बसली. बस सुटता सुटता संजना पर्स सांभाळत धावत आली. "मी पण येते," ती म्हणाली. उच्चार जरा वाकडा होता, पण कुणी हसलं नाही.

साइटवरून माणसं चढली. अंगाला सिमेंट, डोक्याला रुमाल बांधलेले. दगडूला परत व्हीलवर बघून चढताना एकेकाने त्याच्या खांद्याला हात लावला. दुपारीच साइटवर त्यांना त्याच्या तिकिटाचं कळलं होतं. आजचं सहा एक्केचाळीस रिकामं जाणार, आठ अकराला पायरीवर बसलेल्या मुक्ताबाईला दुसऱ्यांच्या पंधरा रिंगा ऐकायला लागणार, हे सगळ्यांच्या मनात होतं.

सहा छत्तीसला बस तिसऱ्या राउंडअबाउटला लागली. सूर्य कधीच मावळला होता, बंदराच्या क्रेनवर दिवे लागले होते. माणसं न सांगता ओळीत उभी राहिली, कारण ओळ सहा वर्षं तीच होती. दगडू बूथमध्ये गेला, दार उघडंच ठेवलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत थांबला. नेमक्या वेळेला त्याने नंबर फिरवला. अनुराधा आणि संजना दारापाशीच होत्या. लांब कुठेतरी वाजणारी पहिली रिंग त्यांनाही ऐकू आली. मग दुसरी. दगडूचा हात फोन ठेवायला खाली आला.

तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला.

दगडू गोंधळला. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कार्डात उरलेले आकडे फोनच्या छोट्या काचेत भराभर खाली उतरायला लागले. पलीकडे बायकांचा गलबला होता, मग तो थांबला.

"तुमीच ना?" मुक्ताबाईने विचारलं. "तारेला जबाब नाय आला."

"व्हय," दगडू म्हणाला. "मीच हाय."

नुसता तारेतला समुद्रासारखा आवाज. दगडूने डोळे मिटून घेतले होते. त्याला सांगायचं होतं ते एवढं होतं की त्यातलं एकही पुढे येईना.

"बरं. ठेवते," मुक्ताबाई म्हणाली. "पुढच्याचा टायम झाला."